मैत्रिणीच्या आजाराची बातमी ग्रुपवर कशी सांगावी? त्याच ग्रुपवर बाळाचं कौतुकही चालू आहे

गवतीचहा

नमस्कार मंडळी, सल्ला हवा आहे आणि जरा लवकर हवा आहे.

आमचा दहावीचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे, सांगली जिल्ह्यातल्या शाळेचा. साठेक जण असू. काही गावातच शेती-दुकान बघतात, बरेचसे पुण्यात, दोघं-तिघं परदेशात. आमच्यातल्या एकीला (इथे 'म' म्हणते) स्तनाच्या कर्करोगाचं निदान झालंय. आधी केमो आणि मग शस्त्रक्रिया असं डॉक्टरांनी ठरवलंय. हे फक्त मला आणि आणखी एकीला माहीत आहे. परवा 'म' म्हणाली, "आता केस जातील, गेट-टुगेदरला मी दिसणार नाही, लोक विचारणारच. प्रत्येकाला पहिल्यापासून सांगत बसायची ताकद नाही गं माझ्यात. तूच लिही ग्रुपवर काय ते, एकदाच."

त्याच ग्रुपवर दुसरी मैत्रीण, 'स', लग्नानंतर खूप वर्षांनी आई झाली आहे. मुलगी झाली. बाळ बत्तिसाव्या आठवड्यातच आलं, त्यामुळे अजून एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) आहे, पण वजन वाढतंय. रोज सकाळी 'स' वजनाचा आकडा टाकते आणि सगळा ग्रुप नाचतो.

प्रश्न दोन आहेत. मेसेज नेमका कसा लिहू? आणि 'स'ला आधी फोन करून सांगू का, की थोडे दिवस फोटो जरा कमी टाक? मला स्वतःला ते पटत नाही. पण "तिकडे ती एवढ्या संकटात आणि इकडे पेढे कसले वाटताय" असं म्हणणारे आमच्यात आहेत.

निशिगंध

बापरे. 'म'ला लवकर बरं वाटो. वाचतेय, मलाही हे शिकायचं आहे.

कृष्णाकाठ

आजाराचं नाव स्पष्ट लिहा. "तिची तब्येत बरी नाही, प्रार्थना करा" एवढंच लिहिलंत तर संध्याकाळपर्यंत पन्नास फोन येतील आणि पन्नास तर्क चालतील. काय झालंय, उपचार कुठे चाललेत, फोन कुणाला करायचा आणि काय करायचं नाही, एवढं आलं की पुरे. आणि टाकण्याआधी 'म'कडून शब्द न् शब्द वाचून घ्या. बातमी तिची आहे.

टाकळीकर

कृष्णाकाठ, नाव लिहायला माझा विरोध आहे. तुम्ही शहरात असाल. गावाकडे साठ जणांच्या ग्रुपवर कर्करोग हा शब्द टाकला की दिवस मावळायच्या आत तो वेशीपर्यंत जातो. 'म'ला मुलगी असेल तर उद्या स्थळ बघताना "आईला काय होतं हो?" म्हणून विचारणारच. माझ्या चुलतबहिणीच्या बाबतीत हे झालंय. ठरत आलेलं लग्न त्या एका प्रश्नावर थांबलं. लोक बोलत नाहीत, पण मनात धरून बसतात.

ओपीडीतून

टाकळीकर, तुमच्या बहिणीवर जे आलं ते फार वाईट आहे आणि तसं घडतं हे आम्हीही बघतो. पण माहिती म्हणून सांगते. स्तनाच्या कर्करोगाच्या एकूण रुग्णांत आईवडिलांकडून आलेल्या जनुकीय दोषामुळे झालेले साधारण ५ ते १० टक्केच असतात. म्हणजे बहुतेक वेळा तो घराण्यातून आलेला नसतो. आणि असलाच, तर मुलीला ते लपवून नाही, वेळेवर सांगून फायदा होतो. तिची तपासणी लवकर सुरू करता येते.

गवतीचहा, मेसेजमध्ये भेटायला येण्याबद्दल जरूर लिहा. केमोनंतर साधारण ७ ते १४ दिवसांच्या काळात रक्तातल्या, जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी सर्वांत कमी असतात. तेव्हा सर्दी-खोकला असलेला माणूस प्रेमाने भेटायला आला तरी धोका असतो. ताप १००.४ फॅरनहाइटच्या वर गेला तर घरच्यांनी सकाळची वाट बघायची नाही, त्याच रात्री दवाखाना गाठायचा. हे ग्रुपवर नको, पण जवळच्या दोघा-तिघांना माहीत असू द्या.

अंगणवेल

मी स्वतः यातून गेले आहे, लिम्फोमा (लसिका ग्रंथींचा कर्करोग) होता, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आमच्याकडे माझ्या भावाने ग्रुपवर लिहिलं होतं, माझ्या सांगण्यावरून. पहिल्या दिवशी "धीर धर", "तू लढवय्यी आहेस", "देव परीक्षा बघतोय" यांचा पाऊस पडला. वाईट कुणाच्याच मनात नव्हतं. पण लढवय्यी म्हटलं की रडायची चोरी होते. त्या दिवसांत मला ओकाऱ्या यायच्या, तोंडाला फोड यायचे, आणि लोकांना मात्र मी लढताना हवी होते.

सगळ्यांत जास्त आधार दिला तो शाळेतल्या एका मैत्रिणीने. तिने माझ्या आजाराबद्दल एक अक्षर विचारलं नाही. दर आठवडी बाजाराला ती मला आवाजी मेसेज पाठवायची. बाजारातून चालत चालत बोलायची, मागे विक्रेत्यांचा कालवा. "मेथी दहाला दोन जुड्या गं, पण मुळाशी माती लय. वांगी काटेरी आलीत, भरायला चांगली. तो गुळवाला म्हातारा अजून तसाच बसतो, आज मला बघून म्हणाला तुमची ती उंच मैत्रीण कुठंय." मी इंजेक्शनच्या खोलीत ते कानाला लावून ऐकायचे. उत्तर द्यायची सक्ती नव्हती. मी दिलंही नाही कित्येकदा. पुढच्या बाजाराला मेसेज यायचाच.

आता तुमचा दुसरा प्रश्न. कृपा करून 'स'ला काही सांगू नका. माझ्या आजारपणात माझ्या जिवलग मैत्रिणीच्या मुलीचा साखरपुडा झाला आणि "हिला आत्ता कशाला" म्हणून मला कळवलंच नाही. दुसऱ्याच कुणाच्या स्टेटसवर मी फोटो बघितले. आजारापेक्षा ते जास्त लागलं मला. आजारी माणसाला सुखाच्या बातम्यांतून वगळलं की तो जिवंतपणीच बाजूला पडतो.

गवतीचहा

अंगणवेल, डोळे भरून आले. खूप आभार.

वाडीवरचा

अंगणवेलताई, नमस्कार तुम्हाला.

आमच्या कोकणात बातमी सांगायच्या तऱ्हा ठरलेल्या होत्या, त्या आठवल्या. मुंबईहून पोस्टकार्ड आलं आणि त्याचा कोपरा फाडलेला असला की वाचायच्या आधीच घरात रड सुरू. कोण गेलं ते नंतर कळायचं. ते कार्ड घरात ठेवत नसत, वाचून लगेच फाडून टाकायचं. तारेचंही तेच. पोस्टमन "तार" म्हणाला की आजी मटकन खाली बसायची, मग ती तार नातू झाल्याची का असेना! माझ्या जन्माची तार वाचून दाखवेपर्यंत आजीला घाम फुटला होता, हे आमच्याकडे अजून सांगतात. २०१३ साली तारसेवा बंद झाली तेव्हा मी आईला सांगितलं, तर म्हणाली, "बरं झालं मेली, किती घाबरवलंन तिने."

चाळीत पी.पी. नंबर असायचा. शेजाऱ्यांच्या फोनवर बातमी यायची, म्हणजे ती आधी शेजाऱ्यांना कळायची. शेजारच्या काकू बोलवायला यायच्या तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावरून ओळखायचं, पेढे की दुसरं काही.

पश्चिमवारा

मी टोरांटोत असते. उलटी बाजू सांगते. बाबांची बायपास झाली नाशिकला आणि मला कळवलं ते घरी आणल्यावर. का, तर "तू तिकडे एकटी, काळजी करत बसशील, येता तर येणार नाहीस." सगळ्या आत्या, मामा, अगदी समोरचे वाणीकाका यांनाही माहीत होतं. माझ्याशी त्या आठवड्यात आईने व्हिडिओ न लावता आंब्याच्या लोणच्यावर गप्पा मारल्या. मला आजही फोन वाजला की वाटतं, आता काय लपवताहेत.

रानजाई

पश्चिमवारा, मी तुझ्या आईच्या वयाची आहे म्हणून बोलते, रागावू नकोस. नवरा ऑपरेशन थिएटरमध्ये असताना परदेशातल्या लेकीचं रडणं फोनवर ऐकायची ताकद आईत नसते. ती तुला वाचवत नव्हती फक्त, स्वतः उभी राहत होती. तरी तू म्हणतेस ते खरं. आम्ही आता मुलाशी ठरवून टाकलंय, जे असेल ते त्याच दिवशी सांगायचं, दोन्हीकडून. त्याने मात्र कबूल केलंय की तिथून गुगल करून आम्हाला औषधं शिकवणार नाही.

पश्चिमवारा

रानजाई मावशी, रागावले नाही. आईला हे वाचायला पाठवते.

हळीवलाडू

'स'बद्दल लिहिते, कारण माझं बाळही एकतिसाव्या आठवड्यात आलेलं.

वेळेआधी बाळ झालं की लोकांना कळत नाही अभिनंदन करायचं की काळजी. मग ते गप्प बसतात. "आता कसं आहे बाळ?" एवढंच सगळे विचारत होते, आई झालीस म्हणून कुणी आनंदच केला नाही. घुगऱ्या नाहीत, पाचवीची पूजा नाही, बाळ काचेच्या पेटीत आणि मी वॉर्डात. तुमचा ग्रुप वजनाच्या आकड्यावर नाचतो हे वाचून मला फार बरं वाटलं. तो आकडा त्या आईचा दिवस ठरवतो. वीस ग्रॅम वाढलं की जेवण जातं, दहा कमी झालं की जात नाही.

दूध येत नसेल तर 'स'ला सांगा, लाजायचं कारण नाही. मला सुरुवातीला येत नव्हतं, तेव्हा दुसऱ्या आयांचं पाश्चराइज केलेलं दूध बाळाला मिळालं. मुंबईत शीवच्या रुग्णालयात १९८९ साली डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी आशियातली पहिली मानवी दूधपेढी सुरू केली, आता बऱ्याच ठिकाणी आहेत. आणि कांगारू केअर! बाळाला उघड्या छातीशी धरून बसायचं. हे बापालाही करता येतं. माझा नवरा शर्टाची बटणं उघडून खुर्चीत बसायचा, बाळ छातीवर, वर टोपी आणि दुपटं, आणि हा हलायचा नाही, शिंकसुद्धा दाबायचा.

खंडाळाघाट

मुलगी झाली तर पेढे की बर्फी? आमच्याकडे यावरून दोन आत्यांचं अजून पटत नाही. 😀

हळीवलाडू

पेढेच! मुलगा झाला की पेढे आणि मुलगी झाली की बर्फी हे कुणी ठरवलं? आम्ही कंदी पेढे वाटले साताऱ्याचे.

टाकळीकर

आमच्यात मुलीची जिलेबी असते. जिलेबी काय कमी असते का? पण पेढ्याला माझा विरोध नाही. दोन्ही द्या.

कृष्णाकाठ

टाकळीकरांचा विरोध नाही असं पहिल्यांदाच वाचलं, धागा सार्थकी लागला. 😀

मोरपंखी

गवतीचहा, 'म'ला गव्हांकुराचा रस आणि गोमूत्र अर्क सुरू करायला सांगा. माझ्या ओळखीत एकाला गुण आला आहे. केमोने शरीर पोखरतं.

ओपीडीतून

मोरपंखी, तुमची तळमळ समजते. पण केमो चालू असताना घरचा कच्चा रस प्यायला तर जंतुसंसर्ग होऊ शकतो, आणि काही काढे औषधाचा परिणाम बदलतात. काहीही द्यायच्या आधी तिच्या कर्करोगतज्ज्ञांना विचारलंच पाहिजे. उपचार सोडून असल्या मार्गाला लागलेले आणि मग गाठ हाताबाहेर गेल्यावर परत आलेले रुग्ण मी बघितले आहेत. म्हणून या बाबतीत मी गोड बोलत नाही.

मोरपंखी

उपचार सोडा असं मी म्हटलं नाही. सोबत म्हणून सांगितलं. ठीक आहे, डॉक्टरांना विचारून.

अंगणवेल

मला असे इतके सल्ले आले होते की शेवटी भावाने ग्रुपवर लिहिलं, "सल्ले माझ्या नंबरवर पाठवा, तिच्या नाही." तुम्हीही तेच करा.

लपंडाव

विषय थोडा वेगळा, पण बातमी सांगण्याबद्दलच आहे. दिवस राहिले की तीन महिने कुणाला सांगायचं नाही, दृष्ट लागते, असं आमच्याकडे आहे. मीही नाही सांगितलं. दहाव्या आठवड्यात गर्भपात झाला. आणि मग दुःखही कुणाला सांगता येईना, कारण आनंदच सांगितलेला नव्हता. ऑफिसात "अ‍ॅसिडिटी झालीय" म्हणून रजा घेतली. बहुतेक गर्भपात पहिल्या बारा आठवड्यांतच होतात असं मला नंतर डॉक्टरांनी सांगितलं, माझ्या हातून काही झालं नव्हतं. पण ते ऐकायला सोबत कुणी नव्हतं. दुसऱ्या खेपेला मी दोन मैत्रिणींना पहिल्याच आठवड्यात सांगितलं. दृष्ट बिष्ट काही लागली नाही. आता तो घरभर पळतो.

निशिगंध

लपंडाव, मिठी. 

रानजाई

लपंडाव, बाळा, आमच्या पिढीतल्या कितीजणी हे मनात घेऊन बसल्यात. मीसुद्धा. लिहिलंस ते फार चांगलं केलंस.

बाराखडी

पैशांबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. मित्र मदत विचारतात तेव्हा घरचे "नको नको" म्हणतात, आणि मग दागिने मोडतात. ग्रुपमधल्या एकाने फक्त कागदपत्रांचं काम अंगावर घ्यावं. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार होतात, कर्करोगाचे उपचारही त्यात आहेत. रुग्णालय योजनेत असलं पाहिजे आणि दाखल होतानाच तिथल्या आरोग्यमित्राला (योजनेच्या मदतनीसाला) भेटायचं. बिल भरून झाल्यावर मागायची सोय नाही. शिवाय महाराष्ट्रातल्या धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखीव असतात. काउंटरवरचा माणूस आपणहून सांगत नाही. विचारावं लागतं, लेखी विचारलं तर उत्तम.

माझ्या सासऱ्यांना परळला टाटामध्ये नेलं तेव्हा आम्ही विदर्भातून आलेलो, मुंबईत ओळखीचं कुणी नाही. कॉलेजच्या ग्रुपवर बातमी टाकली. एका मित्राने "काळजी करू नको" लिहिलं नाही, सरळ येऊन आम्हाला दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत घेऊन गेला. तिथे कॅन्सरचे पेशंट आणि नातेवाईक राहतात, जेवणाची सोय होते. सासूबाई तिथे इतर बायकांसोबत रात्री बोलत बसायच्या. आपल्यासारखेच सगळे, म्हणून त्यांचा धीर टिकला.

कृष्णाकाठ

बाराखडी, हा प्रतिसाद मी जपून ठेवतोय. आणि रक्ताचं? आमच्या ग्रुपवर "तातडीने प्लेटलेट्स हव्यात" असे फिरून फिरून जुने झालेले मेसेज येतात.

ओपीडीतून

बरं झालं विचारलंत. प्लेटलेट्स काढल्यावर जेमतेम ५ दिवस टिकतात, म्हणून आधीपासून साठवून ठेवता येत नाहीत. ग्रुपमध्ये रक्तगटाची यादी करून ठेवा. रक्त दिल्यावर पुरुषांना पुन्हा ३ महिन्यांनी आणि स्त्रियांना ४ महिन्यांनी देता येतं. मशीनवर नुसत्या प्लेटलेट्स दिल्या तर त्याच्या बऱ्याच आधी पुन्हा देता येतात, पण आधीच्या तीन दिवसांत अ‍ॅस्पिरिन घेतलेली नको. आणि मेसेज पुढे पाठवताना तारीख लिहा, गरज संपली की "मिळालं" असंही टाका.

गवतीचहा

मंडळी, काल रात्री 'म'सोबत बसून मेसेज लिहिला. टाकळीकरांचं म्हणणं मी तिला वाचून दाखवलं. तिला मुलगी आहे. ती बराच वेळ विचार करत होती, मग म्हणाली, "नाव लिही, पण बाहेर नको म्हणून बजाव." 'स'बद्दलही तिलाच विचारलं. शेवटी ग्रुपवर हे टाकलं:

"'म'च्या वतीने लिहितेय, तिने वाचून हो म्हटल्यावर टाकतेय. तिला स्तनाचा कर्करोग झाला आहे. पुण्यात उपचार सुरू झालेत, आधी केमो, मग शस्त्रक्रिया. मेसेज ती वाचेल, फोन उचलणार नाही, उत्तर आलं नाही तर मनाला लावून घेऊ नका. भेटायला जायचं तर आधी मला विचारा. औषधं, काढे, पथ्यं माझ्या नंबरवर. हा मजकूर ग्रुपबाहेर नको, तिच्या सासरी अजून सगळ्यांना सांगितलेलं नाही. मदत दोन गोष्टींची हवी आहे, केमोच्या दिवशी गाडी आणि त्या आठवड्यात संध्याकाळचे डबे. तिचा निरोप तिच्याच शब्दांत: बाळाचं वजन रोज टाकायचं. मी सकाळी उठून आधी तेच बघते."

टाकळीकर

छान लिहिलंय. नावाला विरोध मागे घेतो, तिने ठरवलं म्हटल्यावर माझा प्रश्नच नाही. मी पुण्यात हडपसरला असतो. ग्रुपमधला नसलो तरी डब्याला माझी बायको तयार आहे. व्यनि (व्यक्तिगत निरोप) केला आहे.

अंगणवेल

"मी आधी तेच बघते". अगदी अगदी.

लेखणीबहाद्दर

काय झालं मग ग्रुपवर? आम्ही इथे वाट बघतोय.

गवतीचहा

पहिला अर्धा तास कुणीच काही लिहिलं नाही. मग मार्केट यार्डात टेम्पो चालवणारा आमचा एक वर्गमित्र आहे, ग्रुपवर कधी तोंड उघडत नाही. त्याने लिहिलं, "गाडी माझी. भावाची कार हाय, टेम्पो न्हाय. किती वाजता ते सांग." त्यानंतर डब्यांची यादी भराभर भरली. एकाने काढा पाठवलाच, पण माझ्या नंबरवर. आणि आज सकाळी 'स'ने वजन टाकलं, खाली पहिला अंगठा 'म'चा.

आता एक नवा प्रश्न, ओपीडीतून, तुम्हालाच. 'स' विचारतेय, बाळ घरी आलं आणि जरा मोठं झालं की 'म'ला दाखवायला नेलं तर चालेल का?

ओपीडीतून

दोघींच्या डॉक्टरांना विचारून न्या. बाळ घरी स्थिरावलेलं हवं, दोन्ही घरांत कुणाला सर्दी-खोकला नको, आणि 'म'च्या पेशी कमी असतात ते दिवस टाळा. एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. पोलिओचे थेंब आणि रोटाव्हायरसची लस या जिवंत विषाणूंच्या असतात आणि ते विषाणू काही काळ बाळाच्या शीतून बाहेर पडतात. केमो चालू असलेल्या माणसाने बाळाला मांडीवर घ्यायला हरकत नाही, हात धुऊन. लंगोट बदलायचं काम मात्र दुसऱ्या कुणीतरी करावं.

गवतीचहा

लंगोट बदलायला लागेल तेवढी माणसं आहेत आमच्याकडे. कळवते दोघींना.